चिन्हांचे आकार

"मॅडम, इथे ‘ई’च्या डोक्यावर नुसता एक्स आहे की उणे एक्स?" खिडकीजवळच्या बाकावरच्या मुलीने उभं राहून विचारलं, आणि परीक्षेच्या त्या शांत वर्गात मॅडमच्या छातीत काहीतरी खटकन निसटलं. प्रश्नपत्रिका तिनेच काढली होती. तिनेच टाइप केली होती, तिनेच छापायला दिली होती. ती बाकापाशी गेली, कागद हातात घेतला आणि ‘ई’च्या डोक्याकडे पाहिलं. तिथे एक करडा डाग होता, ओल्या बोटाने पुसल्यासारखा. तिने मान तिरकी केली, कागदाच्या कडेकडे पाहतोय असं दाखवून डोळ्याच्या कोपऱ्यातून ते चिन्ह पकडायला गेली. काहीतरी आहे एवढं कळलं, काय आहे ते कळलं नाही. "आहे तसं सोडव," ती म्हणाली. "पण मॅडम, उणे नसेल तर हे अनंताला जातं. उत्तरच येत नाही." "आहे तसं म्हटलं ना!" आवाज तिला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. माना वर झाल्या. मुलगी खाली बसली. मग मागून कुजबुज सुरू झाली, एकाने पेन आपटलं, कोणीतरी हसलं, आणि थोड्या वेळाने एक मुलगा बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाला, "मॅडम, उणे नाहीये. छापायचं राहिलंय." सगळ्या वर्गाला दिसत होतं. चष्मा घरी विसरून आलेल्या पोरालासुद्धा दिसत होतं. फक्त ज्या बाईने ते लिहिलं, तिला दिसत नव्हतं.

राग आधी त्या मुलीचा आला, आणि तो तसा येणं किती हलकटपणाचं आहे हे कळत असूनही तो गेला नाही. मग तो प्रोग्रामवर वळला. सूत्रं लिहायचा तो प्रोग्राम ती कित्येक वर्षं वापरत होती. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बांधलेला, सगळ्यांना खुला, ज्याचा कोड कोणीही वाचावा आणि बदलावा असा. त्यात एका कोपऱ्यात ‘चिन्हांचे आकार’ नावाची लहानशी खिडकी होती. तिच्यात चौकोन असायचे: मूळ अक्षर, घातांक, घातांकाच्या डोक्यावरचा घातांक, कंस आणि बेरजेसारखी मोठी चिन्हं. प्रत्येकासमोर टक्के. घातांक मूळ अक्षराच्या साठ टक्के, असं तिथे आधीपासून असे. तिने ते गुपचूप नव्वद केलं होतं. डॉक्टरने ज्या आठवड्यात "डोळ्यांचा मधला भाग झिजतोय, कडेचं दिसत राहील" असं सांगितलं, त्याच आठवड्यात. काम करताना नव्वद, छापायच्या आधी पुन्हा साठ. कोणाला पत्ता नव्हता. मग प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. तिने ती आपसूक येऊ दिली, आणि खिडकी गेली. मेनूत शोधली, उलटसुलट शोधली, नव्हती. परीक्षा तोंडावर होती. तिने सवयीने टाइप केलं. बोटांना गणित येत होतं, डोळ्यांची गरज नाही असं स्वतःला बजावत केलं. आणि एक उणे चिन्ह, तांदळाच्या कणाएवढी आडवी रेघ, बोटांतून निसटलं.

विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे ‘कापूस’ म्हणत. ते कधी आवाज चढवत नसत. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, पाणी पुढे केलं. पाणी पुढे केलं म्हणजे काहीतरी काढून घेणार हे तिला ठाऊक होतं. "मॅडम, तुमच्यावर किती भार आहे मला कळतं," कापूस म्हणाले. "पुढच्या वेळेपासून पेपर काढायचा त्रास तुम्ही नका घेऊ." "मला त्रास होत नाही." "नाही, म्हणजे तसं नाही. जरा विश्रांती." "सर, टायपिंगची चूक होती. तुमच्या पेपरात गेल्या वर्षी अख्खा प्रश्न दोनदा छापून आला होता." "हो ना, तेच म्हणतोय मी, होतं असं," ते हसून म्हणाले, आणि त्यांनी काहीच काढून घेतलं नसल्यासारखा तिचा पेपर दुसऱ्याच्या नावावर टाकला. भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. कापसावर मूठ मारली की मूठच आत जाते. ती बाहेर आली तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा तिला लाटांसारख्या दिसत होत्या. ती कठड्याला धरून उतरली आणि प्रत्येक पायरीला मनातल्या मनात त्या माणसाला एक शिवी दिली. शिव्यांचा साठा संपला तरी जिना संपला नव्हता.

घरी नवरा जेवणाच्या टेबलावर लिफ्टच्या दाराचं कुलूप खोलून बसला होता. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम, आणि काम घरी आणायचं नाही हा त्याचा दर सोमवारचा निश्चय. तिने सगळं सांगितलं. त्याने पाना खाली ठेवला. "अगं, मग सांगून टाक ना त्यांना डोळ्याचं." "काय सांगू?" "जे आहे ते." "जे आहे ते म्हणजे काय? उद्यापासून मला फळ्यासमोर उभं करणार नाहीत. वाचनालयात बसवतील. नाहीतर हजेऱ्या तपासायला." "असं कोण म्हणालं?" "कोणी म्हणायला लागतं का?" तो त्याच्या त्या समजूतदार आवाजात म्हणाला, "ते भिंग वापरून बघ तरी. आणलंय मी." भिंग तिने ड्रॉवरमध्ये चमच्यांखाली ढकललं होतं. भिंग घेऊन एकेका अक्षरावर वाकलेली बाई तिला स्वतःला बघायची नव्हती, तर वर्गातल्या पोरांनी का बघावी? "तुला कळत नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे, मला कळत नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा कुलुपात डोकं घातलं. त्याने मान्य केलं याचाही राग आला. त्या दिवसांत राग कशावरही बसायचा, माशीसारखा.

आईला ऐकू येईनासं झालं तेव्हा ती स्वतः अजून शाळेत शिकत होती. आई चाळिशीचीही नव्हती. जेवायला बसलं की बाबा, काका, मोठा भाऊ बोलत असत, हसत असत, आणि आई वाढता वाढता मध्येच थांबून विचारी, "काय म्हणाला?" "काही नाही," बाबा म्हणत. वाईटपणाने नाही, कंटाळ्याने. तेच वाक्य दुसऱ्यांदा मोठ्याने सांगण्याइतकं ते मोलाचं नसे म्हणून. पण आईच्या ताटात अशी किती ‘काही नाही’ पडली. हळूहळू आईने विचारणं सोडलं. सगळे हसले की आईही हसायची, थोडी उशिरा, आणि सगळे थांबले तरी तिचं हसू चेहऱ्यावर राहायचं. मग तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलू लागले. "हिला नको न्यायला, हिला काय कळणार." आई त्या बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून मान डोलवायची. ती मान. त्या डोलणाऱ्या मानेची तिला अजून चीड होती, आईची नव्हे, मानेची. आईने एकदा तरी ताट आपटायला हवं होतं. "मला ऐकू येत नाही, मोठ्याने बोला," एवढंच सगळ्यांच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. आई शेवटपर्यंत म्हणाली नाही. आणि आता तिने स्वतः काय केलं होतं? ‘आहे तसं सोडव’ म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जायच्या आधी तिने प्रोग्रामच्या चर्चेच्या पानावर लिहिलं: आकारांची खिडकी का काढली? परत आणा. संध्याकाळी उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याने ‘घुबड’ असं नाव घेतलं होतं. चित्रही घुबडाचंच. प्रोग्रामचा तो भाग तो सांभाळत होता. त्याने लिहिलं होतं, ‘ती खिडकी फारच थोडे लोक वापरत. जे वापरत ते सूत्रं कुरूप करून ठेवत. चिन्हांची प्रमाणं ही छपाईच्या जुन्या परंपरेतून आलेली असतात, ती वापरणाऱ्याच्या लहरीवर सोडता येत नाहीत. लहान वाटत असेल तर पान मोठं करून पाहा.’ लहर! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पान मोठं करून पाहा, हे त्याला कोणी विचारलं होतं? पान मोठं केलं की घातांक दिसायचा आणि समीकरण पडद्याबाहेर जायचं. डावी बाजू वाचत बरोबरच्या चिन्हापर्यंत यावं तोवर डावीकडची सुरुवात पुसलेली, उजवीकडे सरकावं तर कंस कुठे उघडला होता ते आठवत नाही. गणित अक्षर अक्षर वाचायचं नसतं, एका नजरेत धरायचं असतं. तिला सगळं मोठं नको होतं. लहान तेवढंच मोठं हवं होतं. तिने तसं लिहिलं, बरंच जास्त लिहिलं, त्यातलं घुबडाच्या जन्मावरचं वाक्य पुसलं आणि उरलेलं पाठवलं. उत्तर एका ओळीचं होतं: ‘कोड सर्वांना खुला आहे. हवा तो बदल करून पाठवा, तपासून घेऊ.’ ही त्या लोकांची शिवी असावी, असं तिला वाटलं. इस्त्रीचे कपडे घातलेली. घराचं दार सताड उघडं आहे, फक्त घर कड्यावर आहे, चढून या.

ती चढली. प्रेमाने नाही, जिद्दीनेही नाही, निव्वळ त्या माणसाला खोटं पाडायचं म्हणून. प्रोग्राम लिहिणं तिने तरुणपणी थोडं केलं होतं, वेगळ्या भाषेत. रविवारी दुपारी तिने लॅपटॉप टेबलावर आणला, नवऱ्याचे स्क्रू एका वाटीत लोटले आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं केवढीच्या केवढी करून वाचायला बसली. खिडकी काढली होती, पण आकडे तिथेच होते. कपाट हलवलं तरी भिंतीवर त्याची खूण राहते तसे. घातांकाचं प्रमाण, शून्य दशांश सहा. तिने एक केलं. प्रोग्राम पुन्हा बांधायला लावला. पडद्यावर चुकांच्या तांबड्या ओळी धो धो वाहिल्या. त्या तिला वाचता येईनात, इतक्या बारीक. "वाच," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "काय लिहिलंय मला कळत नाही." "कळायला नकोच. वाच नुसतं." तो वाचत गेला, इंग्रजी शब्द आपल्या पद्धतीने तोडत, ओळीचा आकडा सांगत, आणि ती शोधत गेली. "अर्धविराम राहिलाय वाटतं," तो एकदा म्हणाला. "तुला कसं कळलं?" "वरच्या सगळ्या ओळींना आहे, हिला नाही." तिला हसू आलं आणि तिने ते दाबलं. इतक्या स्वस्तात राग सोडायची तिची तयारी नव्हती.

संध्याकाळ व्हायच्या आत प्रोग्राम उघडला. तिने पेपरातलं तेच इंटिग्रल लिहिलं, शून्यापासून अनंतापर्यंत, एक्सचा वर्ग, ‘ई’च्या डोक्यावर उणे एक्स. आणि उणे दिसलं. करड्या डागाच्या आरपार, जाड, काळं, आडवं. पण बाकी सगळं भयंकर होतं. घातांक वरच्या ओळीच्या पोटात घुसला होता. वर्गमुळाचं छप्पर अर्ध्यातच संपलं होतं आणि त्याच्याखालची अक्षरं उघड्यावर पडली होती. कंस ताणून मोठा केला तर तो उंच होण्याबरोबर जाडही झाला, एखाद्या खांबासारखा. आकार बदलणं म्हणजे आकडा बदलणं नव्हे, हे तिला तेव्हा कळलं. एक चिन्ह वाढलं की शेजारच्याने सरकून घ्यावं लागतं, ओळीने पाठ वर करावी लागते, कंसाला वरचं टोक, खालचं टोक आणि मधली रेघ अशा तुकड्यांनी जोडावं लागतं, म्हणजे तो उंच होतो पण सुजत नाही. पुढचे कितीतरी रविवार त्यात गेले. कॉलेजात तिचा पेपर दुसराच कोणी काढत होता. स्टाफरूममध्ये बोलणं ती आली की जरा बदलत होतं. तिला सगळं ऐकू येत होतं. घरी येऊन ती कंसाच्या पोटात हात घालून बसायची. कधी कधी नवरा चहा ठेवून जाताना म्हणायचा, "आज कोणाचा खून पाडतेस?" "वर्गमुळाचा," ती म्हणायची.

तिने बदल पाठवला तेव्हा तिला खात्री होती की घुबडाला उत्तर सुचणार नाही. त्याला सुचलं. ‘घातांक आणि मूळ अक्षर एकाच आकाराचे झाले, तर एक्सचा वर्ग आणि एक्स दोन यांत फरक कसा कळणार? हा गोंधळ चालणार नाही.’ तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि लॅपटॉप धाडकन मिटला. कारण त्याचं बरोबर होतं. त्याचं चुकलं असतं तर तिला त्याचा आनंदाने द्वेष करता आला असता. तिने घातांक आणखी वर उचलला, मधली फट वाढवली, पुन्हा पाठवलं. त्याने पादांकांचं, अक्षराच्या पायाशी बसणाऱ्या आकड्यांचं, काढलं. तिने ते केलं. त्याने घातांकाच्या डोक्यावरच्या घातांकाचं काढलं. तिने तेही केलं. तो कधी ‘छान’ म्हणाला नाही. पण कधी ‘विश्रांती घ्या’ही म्हणाला नाही, आणि हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती भाजी चिरत होती आणि सुरी क्षणभर थांबली. जगात कुठेतरी बसलेला एक खडूस माणूस तिच्या चुका तिला तोंडावर सांगत होता, आणि ती त्या दुरुस्त करील असं धरून चालला होता.

शेवटी त्याने लिहिलं, ‘कोड ठीक आहे. खिडकी परत घेतो. वर कारण लिहा, हा बदल कशासाठी. प्रत्येक बदलासोबत कारण कायम राहतं आणि सगळ्यांना दिसतं.’ तिने लिहिलं, ‘वाचण्याच्या सोयीसाठी.’ त्याने परत पाठवलं: ‘कोणाच्या सोयीसाठी? उद्या कोणी पुन्हा ही खिडकी काढायला निघेल. त्याला थांबवेल असं कारण हवं.’ ती टेबलाशी बसून राहिली. खाली अंगणात कोणीतरी गालिचा झटकत होतं, फटाक फटाक. तिला वाटलं, कोण हा? कोणत्या अधिकाराने विचारतो? नवऱ्याला सांगितलं त्यापलीकडे तिने हे सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. प्रोग्रामवर तिचं खरं नाव होतं, कॉलेजचं नाव होतं, कोणालाही दिसेल असं. तिने लिहिलं, ‘ज्येष्ठ वापरकर्त्यांसाठी.’ पुसलं. ‘दृष्टी कमी असलेल्या काही लोकांसाठी.’ काही लोक! ते वाचताना तिला स्वतःचाच असा संताप आला की कानशिलं तापली. कोण काही लोक? कुठे राहतात? भाजी काय आणतात? ती मान डोलवत होती. कोणी समोर नसताना, रिकाम्या खोलीत, मान डोलवत होती. तिने सगळं पुसलं आणि जोरात, एकेक कळ ठोकत लिहिलं: ‘मला मधलं दिसत नाही. मी गणित शिकवते. घातांकातलं उणे चिन्ह न दिसल्यामुळे माझ्या हातून चुकीचा पेपर गेला. मी शिकवणं सोडणार नाही. ज्याला ही खिडकी काढायची असेल त्याने आधी माझ्याशी बोलावं.’ आणि पाठवलं. नवरा मागे येऊन उभा होता. त्याने ते वाचलं असणार. "जेवायचं का?" एवढंच तो म्हणाला. घुबडाने दुसऱ्या दिवशी एकच शब्द लिहिला, ‘घेतलं’, आणि खाली, बहुधा राहवलं नाही म्हणून, ‘वर्गमुळाचं छप्पर अजून थोडं आखूड आहे. बघा.’

पुढच्या चाचणीच्या वेळी तिने कोणी न सांगता पेपर काढला. घातांक नव्वद टक्के, कंस उंच, ओळींमध्ये मोकळी जागा. या वेळी छापायच्या आधी साठ केलं नाही. प्रिंट घेऊन ती केबिनमध्ये गेली आणि उभी राहिली. कापसांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो बाजूला सरकवला. "हे काय मॅडम? पेपर यंदा—" "ठाऊक आहे. तरी काढलाय. सर, माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेने दिसतं. मागच्या वेळी मला उणे दिसलं नाही आणि मी ते लपवलं." ते खुर्चीत मागे झाले. "अरेरे," ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही आधी का नाही—" "अरेरे नको," ती म्हणाली. आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. दार उघडं होतं. बाहेर स्टाफरूममधलं बोलणं थांबलं. "माझा पेपर दुसऱ्याने तपासावा. जरूर तपासावा. पण मग सगळ्यांचेच पेपर दुसऱ्याने तपासायचे, तुमचासुद्धा. आणि वर्ग माझे मीच घेणार. हे तुम्ही लेखी द्या, नाहीतर मी लेखी मागते." कापसांनी ग्लास उचलला आणि स्वतःच पाणी प्याले. "तपासणीचं... बैठकीत घेऊ," ते म्हणाले. "याच बैठकीत," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली, आणि सवयीने, काहीतरी मऊ बोलायचं म्हणून, पेपर हातात धरून लांब केला. मोठमोठे घातांक ओळींच्या डोक्यावर बसले होते, ऐसपैस, बेढब, एकही लपलेला नव्हता.

"हे जरा विचित्र दिसतंय, नाही?" ते म्हणाले.

"मला दिसतंय," ती म्हणाली.